बॅटरी फुगली त्या संध्याकाळपासून: सोसायटीत ई-स्कूटर चार्जिंग बंद करायचं का?

नदीकाठ

नमस्कार. सिंहगड रोडला आमची ८४ फ्लॅटची जुनी सोसायटी आहे, यंदा सेक्रेटरीपद माझ्याकडे आलंय. पुढच्या रविवारी विशेष सभा आहे. विषय एकच: आवारात आणि घरात ई-वाहनं चार्ज करायला बंदी घालायची की नाही. सभेआधी इथल्या जाणकारांशी बोलावं म्हणून हा धागा.

घडलं ते असं. मागच्या महिन्यात संध्याकाळी बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावरून ओरडणं ऐकू आलं. घरात एक काकू आणि त्यांची नात, दोघीच. स्कूटरची काढता येणारी बॅटरी हॉलमध्ये सोफ्याला लागून एक्स्टेन्शन बोर्डावर लावलेली. काकूंना आधी वास आला, नेलपॉलिश पुसायच्या औषधासारखा गोडसर आणि उग्र. मग कुकरची शिट्टी व्हायच्या आधी येतो तसा बारीक आवाज. जाऊन बघतात तर बॅटरीची पेटी एका अंगाने फुगलेली. शेजारच्या मुलाने मेन स्विच पाडला, गोणपाटात धरून ती जिन्याने खाली नेली आणि कंपोस्टच्या खड्ड्याजवळ उघड्यावर ठेवली. वीसेक मिनिटांनी तिने पेट घेतला. पार्किंगमधला पावडरचा सिलिंडर मारला, ज्वाळा गेली. दोन मिनिटांत पुन्हा आली. परत मारला, परत आली. शेवटी बंब आला आणि त्यांनी बराच वेळ पाणी मारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी झाडलोट करणाऱ्या मावशी सांगत आल्या, "मॅडम, त्यातून अजून धूर येतोय."

इजा कुणालाच झाली नाही. पण ती बॅटरी अजून वीस मिनिटं हॉलमध्ये राहिली असती तर काय, हा विचार डोक्यातून जात नाही. गाडीच्या मूळ बॅटरीत पावसाळ्यात पाणी गेलं होतं, म्हणून ही एका दुकानातून कमी पैशात बनवून घेतलेली. दुकानदार आता फोन उचलत नाही.

आमच्याकडे २३ ई-स्कूटर आणि ४ ई-कार आहेत. पहिल्या मजल्यावरच्या खिडक्यांतून वायरी खाली सोडलेल्या असतात. कुणी जिन्यातल्या कॉमन बोर्डावर लावतं, त्यावरून भांडणं होतात. माझा स्वतःचा कल बंदीकडे आहे, हे आधीच सांगते. आणि अजून एक प्रश्न: ती जळालेली बॅटरी अजून आमच्याकडेच आहे, रंगाच्या पत्र्याच्या डब्यात वाळूत पुरून, गच्चीवर. आमचा नेहमीचा भंगारवाला तिला हात लावायला तयार नाही. ती द्यायची कुठे?

जुनाबंब

ताई, अग्निशमन दलात ३१ वर्षं काढून निवृत्त झालोय, म्हणून थोडं अधिकाराने लिहितो.

त्या मुलाने मेन पाडला हे उत्तम केलं. बॅटरी उचलून जिन्याने नेली ते मात्र जिवावर बेतलं असतं. फुगलेली, आवाज करणारी बॅटरी हातात कधी पेटेल याचा नेम नाही, आणि ती जिन्यात पेटली असती तर वरच्या सगळ्यांची वाट बंद झाली असती. अशा वेळी माणसं बाहेर काढा, खोलीचं दार ओढून घ्या, मेन पाडा आणि १०१ ला फोन करा. फोनवर "लिथियम बॅटरी आहे" एवढे शब्द नक्की सांगा.

पावडरने ज्वाळा दबते, पण आतली उष्णता तशीच राहते. म्हणून ती परत पेटली. या आगीला पाणी लागतं, भरपूर आणि सलग, आतले सेल थंड होईपर्यंत. विझल्यावरही काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी ती पुन्हा धुमसते. तुमच्या मावशींनी पाहिलं ते तेच. वाळूत ठेवली आणि गच्चीवर उघड्यावर ठेवली, ठीक आहे. पाण्याच्या टाकीपासून आणि सोलर हीटरपासून लांब आहे ना, तेवढं बघा.

आणि धूर. लोक आगीला भितात, माणसं मात्र धुराने जातात. मार्च २०२२ मध्ये वेल्लोरला रात्री घरात स्कूटर चार्जिंगला लावलेली होती, वडील आणि मुलगी दोघे गेले, धुराने गुदमरून. त्याच वर्षी १२ सप्टेंबरला सिकंदराबादला खाली ई-स्कूटरचं शोरूम, वर लॉज. धूर जिन्यातून वर चढला आणि ८ माणसं गेली. म्हणून माझं एकच ठाम म्हणणं: जिन्याच्या तोंडाशी आणि लिफ्टच्या समोर चार्जिंग नको. बंदी घालायची तर या दोन जागांवर घाला.

चाकण_दुसरी_पाळी

मी बॅटरी पॅकच्या लाइनवर काम करतो, कंपनीचं नाव घेत नाही.

आत काय होतं ते थोडक्यात. पॅकमध्ये सुटे सेल असतात, बरेचदा जाड खडूसारखे दिसणारे, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर उंच. प्रत्येक सेलमध्ये धन आणि ऋण पट्ट्यांच्या मध्ये केसापेक्षा पातळ प्लॅस्टिकचा पडदा असतो, सेपरेटर म्हणतात त्याला. जादा चार्ज झाला, मार लागला, पाणी गेलं किंवा बनवतानाच कचरा राहिला की सेल आतून तापतो. साधारण १३० अंशांच्या आसपास तो पडदा वितळतो, पट्ट्या एकमेकींना भिडतात आणि मग थांबवणं आपल्या हातात राहत नाही. शेजारचा सेल तापतो, मग त्याच्या शेजारचा. यालाच थर्मल रनअवे म्हणतात.

बाजारात मुख्य दोन जाती आहेत. निकेल-मँगनीज-कोबाल्टची, म्हणजे एनएमसी: हलकी, जास्त पल्ला देणारी, पण तापली की स्वतःतूनच ऑक्सिजन सोडते. आगीवर गोधडी टाकून ती गुदमरत नाही याचं कारण हेच. दुसरी लोह-फॉस्फेटची, एलएफपी: जड, पण ऑक्सिजन घट्ट धरून ठेवते, जास्त उष्णता सोसते आणि जास्त वर्षं टिकते. तीही पेटू शकते, तिच्यातूनही ज्वलनशील वायू निघतो. फक्त सहजासहजी नाही. (ही एलएफपी १९९७ मध्ये ज्या शोधनिबंधातून पुढे आली त्याचे पहिले लेखक अक्षय पाढी, आपल्याच देशातले. शेवटचे लेखक जॉन गुडइनफ, ज्यांना २०१९ चं नोबेल मिळालं. आमच्या लाइनवर नवीन पोरं आली की मी हे आवर्जून सांगतो.)

२०२२ च्या उन्हाळ्यात गाड्या पेटल्यावर सरकारने ई-दुचाकी-तिचाकींच्या बॅटरीसाठीची एआयएस-१५६ ही मानकं कडक केली. पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून, दुसरा ३१ मार्च २०२३ पासून. आता एक सेल मुद्दाम बिघडवून पाहतात आणि त्यापायी पूर्ण पॅक पेटता कामा नये अशी चाचणी असते. पण ही चाचणी कारखान्यातून निघालेल्या गाडीची. दुकानात स्पॉट वेल्डिंग मशीनवर निकेलची पट्टी चिकटवून बनवलेल्या पॅकला ती कोण करणार?

एक विचारायचं राहिलं. जळालेल्या बॅटरीचा चार्जर आहे का अजून? मागच्या लेबलवर आउटपुट व्होल्टेज काय लिहिलंय? आणि दुकानाचं बिल असेल तर त्यावर काय आहे?

नदीकाठ

चार्जर काकूंकडे आहे, आत्ताच जाऊन बघून आले. "आउटपुट ५८.४ व्होल्ट" असं लिहिलंय. तो गाडीबरोबर आलेला, कंपनीचा. बिल म्हणजे पिवळा कागद आहे, हाताने लिहिलंय, "४८ व्होल्ट ३० एएच, १३ एस, एनएमसी". १३ एस म्हणजे काय?

चाकण_दुसरी_पाळी

मला वाटलंच होतं.

१३ एस म्हणजे १३ सेल एकापुढे एक. एनएमसी सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट. १३ गुणिले ४.२ म्हणजे ५४.६. या बॅटरीला ५४.६ चा चार्जर हवा. ५८.४ चा चार्जर १६ एलएफपी सेलसाठी असतो, तिथे एका सेलला ३.६५ लागतात. म्हणजे गाडीची मूळ बॅटरी एलएफपी होती, दुकानदाराने एनएमसी बनवून दिली आणि चार्जर जुनाच राहिला. प्लग सारखाच, त्यामुळे बसतोही व्यवस्थित. ५८.४ भागिले १३ करा: एका सेलवर जवळजवळ ४.५ व्होल्ट. आतली बीएमएस, म्हणजे राखणदार सर्किट, चांगली असती तर तिने पुरवठा तोडला असता. स्वस्त पॅकमध्ये तीही स्वस्तच असते.

इथे बसून मी पक्कं निदान करू शकत नाही, दुसरंही कारण असू शकेल. पण सभेत हा पिवळा कागद आणि चार्जरचं लेबल यांचे फोटो मोठे करून दाखवा. प्रत्येकाने आपापल्या चार्जरवरचा आकडा आणि बॅटरीवरचा आकडा ताडून पाहिला तर पुढचा अपघात तिथेच टळेल.

रोजची_राइड

मी डिलिव्हरी करतो. इथे वाचतो नेहमी, लिहितो कमी. आज लिहावंसं वाटलं.

ताई, तुमचा कल बंदीकडे आहे म्हणालात. आमच्या बिल्डिंगमध्ये मागच्या वर्षी हीच बंदी आली. आम्ही तिघं एका खोलीत भाड्याने राहतो. खाली लावायला बंदी, मग बॅटरी वर नेतो. दाराच्या आत, गाद्यांच्या बाजूला लावतो, घरमालकाला दिसू नये म्हणून वर चादर टाकतो. धोका आहे हे कळतं हो. पण रात्री चार्ज नाही केली तर सकाळी कामावर जाता येत नाही. पेट्रोलच्या गाडीला दिवसाला तीनशे-साडेतीनशे जात होते, त्या वाचलेल्या पैशांतून गावी मुलीची फी जाते.

तुमची बंदी झाली तर २३ गाड्या पार्किंगमधून २३ बेडरूममध्ये जातील. आम्हाला उघड्यावर एक पक्का प्लग द्या, पैसे घ्या त्याचे. आम्ही वर कशाला वाहून नेऊ दहा किलोचं ओझं?

जुनाबंब

चादर टाकू नका बाबा. आज रात्रीपासूनच नका टाकू. मधे अडकते ती उष्णता. आणि दार ते गादी या वाटेत बॅटरी नको. पेटली तर तुम्ही तिघं आत अडकाल. दुसरी सोय होईपर्यंत दारापासून दूर, खिडकीखाली फरशीवर ठेवा, आणि कुणीतरी जागं असतानाच लावा.

क्वीन्सकर

न्यूयॉर्कहून. रोजची_राइड यांनी लिहिलंय ते इथे आम्ही शहरभर पाहिलं. आमच्या क्वीन्समध्ये डिलिव्हरीवाले बहुतेक स्थलांतरित. जुने सेल काढून जोडलेल्या बॅटऱ्या, सारखा प्लग, वेगळा चार्जर, तीच गोष्ट. २०२३ मध्ये शहरात लिथियम बॅटरीच्या आगींत १८ माणसं गेली. २०२२ मध्ये सरकारी घरांत ई-बाइक आणायलाच बंदी घालावी असा प्रस्ताव होता. भाडेकरूंनी आणि डिलिव्हरीवाल्यांनी मोठा विरोध केला आणि ती सरसकट बंदी काही आली नाही.

आलं ते वेगळं. १६ सप्टेंबर २०२३ पासून यूएलचं, म्हणजे तिथल्या सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेच्या मानकाचं, प्रमाणपत्र नसलेली ई-बाइक किंवा बॅटरी शहरात विकता येत नाही. वापरलेले सेल काढून पॅक बनवून विकायलाही मनाई आहे. २०२४ मध्ये डिलिव्हरीवाल्यांसाठी पाच ठिकाणी रस्त्यावर चार्जिंगची सोय करून पाहिली. त्या वर्षी मृत्यू ६ झाले. श्रेय नेमकं कशाचं किती ते मोजणं अवघड आहे, माहितीची मोहीमही जोरात होती. पण हात विक्रीवर आणि जागेवर घातला, वापरणाऱ्याच्या पोटावर नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

फेज_न्यूट्रल

परवानाधारक इलेक्ट्रिकल ठेकेदार आहे, सांगलीत. सरळ कामाचं बोलतो.

खिडकीतून सोडलेली वायर आधी काढा, आजच. त्या वायरी बहुतेक एक स्क्वेअरच्या, म्हणजे एक चौरस मिलिमीटरच्या असतात, पिन पाच अँपिअरची. पिनचा पितळी भाग तपकिरी झालेला दिसतोय का बघा. असेल तर तिथे रोज रात्री गरम होतंय. एक्स्टेन्शन बोर्ड घडी घालून, गुंडाळून ठेवलेला असेल तर अजून वाईट.

पक्कं काम असं: उघड्या पार्किंगच्या भिंतीला १६ अँपिअरचे सॉकेट, प्रत्येकाला स्वतंत्र लाइन, अडीच स्क्वेअर तांब्याची. प्रत्येकाला स्वतःचा एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे पावसात कुणाला शॉक बसायच्या आत तुटेल. अर्थिंग नवीन करा. जुन्या सोसायट्यांमधलं अर्थिंग कागदावर असतं आणि खड्ड्यात नसतं, हे मी शेकडो ठिकाणी पाहिलंय. मोजून घ्या आणि रीडिंग लिहून घ्या.

आता लोड. स्कूटरला साधारण पाऊण किलोवॅट. २३ एकदम लावल्या तरी १७ च्या आसपास. खरा भार कारचा आहे. ४ गाड्या ७.४ च्या चार्जरवर घेतल्या तर जवळजवळ ३० किलोवॅट, आणि त्यासाठी सहा स्क्वेअरची केबल. ३.३ वर घेतल्या तर १३. रात्रभर गाडी उभीच असते, ३.३ पुरतं. लोकांना हे पटवा, ट्रान्सफॉर्मरचा खर्च वाचेल.

मीटर कॉमनचा वापरू नका. फेब्रुवारी २०२४ मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती झाली, त्याने ई-वाहन चार्जिंगसाठी वेगळं कनेक्शन मागायचा हक्क मिळाला आहे. त्या मीटरमागे प्रत्येक सॉकेटला सबमीटर लावा. भांडणं तिथेच संपतात.

वर्धाकाठ

चर्चा चांगली चाललीय, मध्येच बोलतो त्याबद्दल माफी. पुण्यात गाडी धूर सोडत नाही म्हणून ती स्वच्छ, हे ऐकलं की आम्हाला चंद्रपूरकरांना लागतं. इथल्या कोळशाच्या वीज केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे. राख आमच्या अंगणात पडते. उन्हाळ्यात वाळत घातलेले कपडे झटकून घ्यावे लागतात. तुमच्या २३ स्कूटर कशावर चालतात, हा प्रश्नही सभेत यायला हवा.

चाकण_दुसरी_पाळी

यायलाच हवा. माझं उत्तर असं: पेट्रोलच्या इंजिनात इंधनातली बरीचशी ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते, चाकाला चौथा-पाचवा हिस्सा मिळतो. विजेच्या मोटरला बॅटरीतला बहुतांश मिळतो. त्यामुळे कोळशाची वीज धरूनही स्कूटरचा हिशोब पेट्रोलपेक्षा बरा बसतो. पण "बरा" म्हणजे "शून्य" नाही, आणि राख तुमच्याकडे पडते, फायदा आमच्याकडे होतो हे खरंच आहे.

करता येण्यासारखं एक आहे. दुपारी ग्रिडमध्ये सौर वीज भरपूर असते, रात्री कोळसा. ज्यांना जमतं त्यांनी दुपारी चार्ज करावं. जुनाबंब काकांच्या दृष्टीनेही तेच बरं: माणसं जागी असतात, वॉचमन समोर असतो.

रोजची_राइड

आमचा रेस्ट तीन ते साडेपाच असतो. दुपारी प्लग मिळाला तर रात्री लावायची गरजच नाही.

मोंढ्यावरून

छत्रपती संभाजीनगर. आमचा भंगाराचा धंदा आजोबांपासून. नदीकाठ ताईंचा दुसरा प्रश्न सगळ्यांनी सोडला, म्हणून लिहितो.

तुमचा भंगारवाला हात लावत नाही कारण त्याला ते परवडत नाही. इन्व्हर्टरची शिशाची बॅटरी आणा, आम्ही भांडून घेऊ, किलोवर भाव आहे, शिसं कधीही विकलं जातं. मोबाइलची, लॅपटॉपची घेतो, त्यात कोबाल्ट असतं, पुढे गिऱ्हाईक आहे. स्कूटरची लिथियम आली, त्यातही चाकणवाले साहेब म्हणतात ती लोह-फॉस्फेटची, तर त्यात आम्हाला काय? वरचा पत्रा, आतलं तांबं आणि ॲल्युमिनियमची पातळ फॉइल. ती सोडवायची तर फोडावी लागते, आणि फोडताना पेटते. माझ्या चुलतभावाचे डावे हात-मनगट भाजलेत, गोडाउनचा अर्धा पत्रा गेला. तेव्हापासून आम्ही घेणं बंद केलं.

म्हणजे बघा, जी बॅटरी वापरायला जास्त सुरक्षित, तीच मेल्यावर कुणाला नको असते. नदीच्या काठावर, ओढ्यात, कचऱ्याच्या गाडीत जाते. कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली की तिथे आग. कचरा डेपोवाल्यांना विचारा.

पाटीपेन्सिल

मोंढ्यावरून यांचं वाचून राहवलं नाही. मी शाळेत शिकवते. शिशाची बॅटरी "भांडून" घेतली जाते हे खरं, आणि ती जवळजवळ पूर्ण वितळवून पुन्हा वापरली जाते हेही खरं. पण कुठे वितळवली जाते? २०२० चा युनिसेफचा अहवाल आहे: जगातल्या जवळपास दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात काळजी करावी एवढं शिसं, एकूण ८० कोटी मुलं, आणि त्यात भारतातली २७ कोटींहून जास्त. उघड्यावर बॅटऱ्या फोडून वितळवणं हे त्यातलं मोठं कारण. शिशाने मुलांची शिकण्याची ताकद कमी होते, आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. फळ्यासमोर उभी राहून मी हे अहवालातल्या आकड्यासारखं वाचू शकत नाही.

तेव्हा "रिसायकल होते" एवढं ऐकून समाधान मानू नका. कोण करतं, कुठे करतं, धूर कुणाच्या घरात जातो ते विचारा. लिथियमच्या बाबतीत आपण अजून सुरुवातीला आहोत. शिशाच्या वेळी नाही विचारलं, आता विचारू या.

चाकण_दुसरी_पाळी

दोघांचंही बरोबर आहे, आणि यावर कायदा आहे, तो लोकांना माहीत नाही. २२ ऑगस्ट २०२२ ला बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम आले. त्याआधी २००१ चे होते, ते फक्त शिशाच्या बॅटरीपुरते. नव्या नियमांत उत्पादकावर जबाबदारी आहे: जी बॅटरी बाजारात आणली ती मेल्यावर गोळा करून रिसायकलकडे पोचवायची. पुरायला आणि जाळायला मनाई. रिसायकल करणाऱ्याने बॅटरीतला किती माल परत मिळवायचा तेही ठरलंय: २०२४-२५ ला ७० टक्के, मग ८०, आणि २०२६-२७ पासून ९०. शिवाय २०२७-२८ पासून गाडीच्या नव्या बॅटरीत ठरावीक हिस्सा जुन्यातून काढलेला माल घालावा लागेल, सुरुवात ५ टक्क्यांनी. हे शेवटचं कलम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मेलेल्या बॅटरीला गिऱ्हाईक नाही, हे दुखणं त्याने थोडं तरी हलेल.

नोंदणी झालेल्या रिसायकलरांची यादी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर आहे. फोन करताना "जळालेली आहे, वाळूत पत्र्याच्या डब्यात आहे" हे सुरुवातीलाच सांगा. आणि दुकानाने बनवलेल्या पॅकचा उत्पादक कोण, हा प्रश्न तुम्हाला विचारला जाईल. त्याचं उत्तर कुणाकडेच नाही. कायद्याच्या जाळ्यातलं भोक तिथे आहे.

युरोपात १८ फेब्रुवारी २०२७ पासून गाड्यांच्या बॅटरीला डिजिटल पासपोर्ट सक्तीचा होतोय: आत काय आहे, कुठून आलं, किती वापरली. आपल्याकडे तसं आलं तर पिवळ्या कागदावरचा धंदा आपोआप उघडा पडेल.

कोरडवाहू_जालना

अवांतर होईल, पण याच विषयातलं. आमच्याकडे सौर पंप आला, दिवसा पाणी देता येतं, रात्री बिबट्याच्या भीतीने जायचं संपलं. त्यात वाईट काही बोलणार नाही. पण एप्रिलच्या गारपिटीत दोन पॅनेल फुटले. काचेचे तुकडे बांधावर पडलेत. ते कुणाला द्यायचे?

चाकण_दुसरी_पाळी

सौर पॅनेल ई-कचरा नियमांत येतात, ते १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यातही जबाबदारी उत्पादकाची. ज्या एजन्सीने पंप बसवला तिला लेखी कळवा, विम्याचंही विचारा, फोटो ठेवा. तोवर तुकडे गोणीत भरून सावलीत ठेवा, वावरात राहू देऊ नका.

नदीकाठ

काल सभा झाली. साडेतीन तास चालली, म्हणून आज लिहितेय.

मी सुरुवातीलाच सांगितलं की बंदीचा ठराव मीच लिहिला होता आणि आता मीच तो मागे घेतेय. रोजची_राइड यांचा प्रतिसाद नाव न घेता वाचून दाखवला. चादरीचं वाक्य वाचल्यावर सभागृह गप्प झालं. ए विंगमधल्या एक बाई उठल्या आणि म्हणाल्या, आमच्या पेइंग गेस्ट मुली पण वरच लावतात, मला माहीत होतं, मी बोलले नाही.

मग चार्जरचं लेबल आणि पिवळ्या कागदाचा फोटो पडद्यावर टाकला. ५८.४ भागिले १३ फळ्यावर करून दाखवलं. सभेनंतर लोक खाली जाऊन आपापले चार्जर उलटून बघत होते. अजून दोन गाड्यांना बाहेरच्या बॅटऱ्या निघाल्या. एकीचा आकडा जुळतो. दुसरीचा जुळत नाही, ती आज सकाळपासून बंद आहे आणि मालकाने स्वतःहून बंद केलीय.

ठरलं ते हे. पश्चिमेच्या भिंतीला, जिथे वर गच्चीपर्यंत काही नाही, तिथे २४ सॉकेट, वेगळं कनेक्शन, प्रत्येकाला सबमीटर. कारसाठी चार, ३.३ चेच. जिना, लिफ्ट आणि मीटर रूमसमोर काहीही चार्ज करायचं नाही. भाडेकरूंना मालकाइतकाच हक्क. बाहेरून बनवलेली बॅटरी असेल तर चार्जरसकट इलेक्ट्रिशियनला दाखवून वहीत नोंद. गाडी घेतानाच शोरूममधून "जुनी बॅटरी आम्ही परत घेऊ" हे लेखी आणायचं, त्याशिवाय सॉकेट मिळणार नाही. हा शेवटचा मुद्दा काहींना जाचक वाटला, ११ मतं विरोधात गेली. मला तो हवा होता. आज जी गाडी पार्किंगमध्ये चमकतेय तिची बॅटरी सात-आठ वर्षांनी ओढ्यात जाणार की कुठे, हे घेतानाच विचारलं नाही तर नंतर विचारायला कुणी सापडत नाही, हे मी महिनाभर फोन करून शिकलेय.

खर्च पुढच्या दोन मेंटेनन्स बिलांतून. फेज_न्यूट्रल, अर्थिंग मोजलं. तुम्ही म्हणालात तसंच निघालं, खड्ड्यात नुसती गंजलेली पट्टी.

जळालेल्या बॅटरीसाठी यादीतल्या सात जणांना फोन केले. चौघांनी एकटी बॅटरी घेत नाही म्हणून सांगितलं, दोघांनी उचललाच नाही. सातव्याने सांगितलं की थोडा माल जमवा, मग गाडी पाठवतो. म्हणून खाली नोटीस लावली. तीन दिवसांत जुने यूपीएस, पॉवर बँक, लॅपटॉपच्या बॅटऱ्या, फुगलेले मोबाइल, एक मुलांची बॅटरीची गाडी, सगळं आलं. लोकांच्या कपाटांत इतकी वर्षं हे पडून होतं. टोकांना चिकटपट्टी लावून, फुगलेले वेगळे वाळूत ठेवलेत. गुरुवारी गाडी येणार आहे.

रोजची_राइड

ताई, तुमच्या सोसायटीत दुपारी बाहेरच्या माणसाला प्लग मिळेल का? पैसे भरून. मी रोज तिकडूनच जातो.

नदीकाठ

ठरावात बाहेरच्यांचा विषय नव्हता. कमिटीत मांडते. दुपारी निम्मे सॉकेट रिकामेच असणार आहेत. तुमच्या बॅटरीचा आणि चार्जरचा आकडा मला निरोपातून कळवा, तो आधी बघू.

चाकण_दुसरी_पाळी

गुरुवारी पावती घ्यायला विसरू नका. त्यावर वजन, प्रकार आणि त्यांचा नोंदणी क्रमांक हवा.

नदीकाठ

गाडी येऊन गेली. पावती मिळाली, नोंदणी क्रमांक आहे. लिथियम ३८ किलो, शिशाच्या २३ किलो. जळालेली त्यांनी वाळूच्या डब्यासकट नेली. पावतीचा फोटो सोसायटीच्या बोर्डावर लावलाय.